टाकीच्या झाकणावरची लाख

या अंकाच्या संपादकांनी माणूस पाठवून सांगितलं, "मिस्त्री, धंद्यातल्या आठवणी लिहून द्या, पण खऱ्या द्या." हा 'पण' माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. आदिलाबादला हायवेच्या कडेला तीस वर्षं मी मोटारी दुरुस्त केल्या, आणि तीस वर्षांत 'पण' न लावणारं गिऱ्हाईक मला भेटलं नाही. काम करा, पण जुना पार्ट हातात द्या. इंजिन खोला, पण माझ्यासमोर खोला. गाडी ठेवून घ्या, पण बॅटरी मी घरी नेतो. डॉक्टरनं पोट फाडलं तरी माणूस त्याला हात जोडतो, आणि मिस्त्रीनं बॉनेट उघडलं की त्याच्या हाताकडं बघत बसतो.

एक शाळामास्तर होते. त्यांनी बायकोची नखं रंगवायची बाटली आणून स्कूटरच्या प्रत्येक पार्टवर लाल ठिपका दिला होता, म्हणजे मी काही बदललं तर कळावं. काम संपल्यावर त्यांनी ठिपके मोजले, तर एक जास्त भरला. मास्तर दोन दिवस अस्वस्थ होते. तहसिलीतला एक कारकून जीप सोडताना सगळ्या सामानाची फेहरिस्त करून माझी सही घ्यायचा, आणि नेताना त्याच कागदावर पुन्हा घ्यायचा. पण आमच्याकडची खरी रीत म्हणजे राखणदार. मोठं काम असलं की मालक घरातलं एखादं बिनकामाचं माणूस गॅरेजात आणून बसवायचा. त्यानं सकाळी यायचं, खाटेवर बसायचं, मिस्त्रीच्या हातावर नजर ठेवायची आणि संध्याकाळी घरी जाऊन वर्दी द्यायची. माझ्याकडं त्यासाठी एक वेगळी खाटच होती. तिच्यावर किती सासरे, किती मेव्हणे आणि किती म्हातारे चुलते बसून गेले, याची गणती नाही.

मला याचा राग यायचा, असं म्हणणं खोटं होईल. मीही तसलाच. "मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडली," असं कोणी म्हणालं की मी आधी त्याच्या भाच्याला गाडी चालवता येते का, हे विचारायचो. वांकिडीकडच्या ज्या गावात मी वाढलो, तिथं शेजाऱ्याची म्हैस जास्त दूध द्यायला लागली तरी लोक आपल्या पेंडीची पोती मोजून घेतात. तो गुण मी इकडं घेऊन आलो आणि धंद्यात तो फार उपयोगी पडला. एकदा मात्र त्यानं माझा गळा धरला. तीच गोष्ट सांगतो.

ती गाडी आली अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमारास, ट्रॅक्टरला बांधून. लांबलचक, दोनच दारांची, अमेरिकेत घडलेली, स्टिअरिंग डाव्या बाजूला. बॉनेट उघडलं तर आत आठ सिलिंडरचं इंजिन. आमच्या जिल्ह्यात चार सिलिंडरची गाडी म्हणजे श्रीमंती, आणि इथं आठ. हैदराबादच्या कुठल्याशा जागीरदाराच्या वारसांनी ती काढून टाकली होती, आणि घेतली कोणी, तर तामसीच्या बापूरावांनी. बापूराव वांगी, टमाटे आणि सांबार पिकवायचे. सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर. माणूस कष्टाळू, बोलायला तिखट, आणि मनात एकदा काही घेतलं की सोडायचं नाही.

बापूराव म्हणाले, "मिस्त्री, हिचा जोर वाढवून द्या. मोठं कार्बोरेटर बसवा, दोन सायलेन्सर लावा, आन मांगचे पाटे कडक करा. मांगची सीट बी काढून टाका."

माझे कान टवकारले. मागची सीट काढायची, मागचे स्प्रिंगचे पाटे कडक करायचे, इंजिनाला जोर पाहिजे. आमच्याकडं सागवानाचं जंगल आहे, हे कोणाला सांगायला नको. रात्रीतून फळ्या हद्दीपलीकडं नेणारे कसल्या गाड्या बनवून घेतात, तेही मला ठाऊक होतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघून विचारलं, "मागं काय भरणार?"

"तुमाले काय करायचं?" असं म्हणून ते निघून गेले. माझा संशय पक्का झाला.

चारच दिवसांत फॉरेस्टचा एक गार्ड चहाच्या निमित्तानं येऊन गेला. त्यानं डिकीत डोकं घातलं, मागच्या पाट्यांना बोट लावलं आणि म्हणाला, "क्या मिस्त्री, इसमें लकडा जाताय क्या?" मी म्हटलं, "नक्को पूछो साब, मेरेकू नै मालूम." तो गेल्यावर मी मनाशी ठरवलं की हे काम अंगाबाहेर टाकायचं. खरी गोष्ट मला कळली ती राखणदाराकडून.

बापूरावांनी राखणीला आपले चुलते बसवले होते. सगळे त्यांना काकाजी म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. सत्तरीचे, काटक, बायको वारलेली, एकुलती लेक वांकिडीला दिलेली. आयुष्यभर त्यांनी बापूरावांच्या शेतात माचाणावर बसून रानडुकरं हाकलली होती. नजर अशी, की हातातला पाना मी डाव्या खिशात घातला की उजव्या, हे त्यांना संध्याकाळी सांगता यायचं. सकाळच्या पहिल्या बसनं तामसीहून यायचे, खाटेवर घोंगडी टाकायचे आणि काठी मांडीवर ठेवून बसायचे. मी चहा दिला तर आधी घेत नसत. "राखनदारानं चोराचा चहा पेऊ नाही," असं तोंडावर म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात प्यायले.

त्या तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना सरळच विचारलं, "काकाजी, या गाडीत सागवान नेणार का?"

ते इतके हसले की ठसका लागला. "सागवान कायचं जी? बाया बसतीन बाया. सीट काढून चटई टाकली का सात जनी मावते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बापूरावांचे साडू निर्मलला राहायचे, किराणा दुकानदार. दोन वर्षांपूर्वी एका लग्नासाठी बापूराव ही गाडी घेऊन घरच्यांसकट निर्मलला गेले. येताना घाट चढताना गाडी उकळली आणि अर्ध्यात बसली. बायकांनी लुगड्याचे काचे मारून ढकलली, तरी हलेना. मागून साडू जीप घेऊन आले, दोरी बांधली आणि गाडी घाटावर ओढून आणली. त्या दिवसापासून निर्मलच्या घरात बापूरावांचं नाव पडलं 'दोरीवाले पाव्हणे'. आता त्याच साडूंच्या मुलीचं लग्न होतं. बापूरावांना त्याच गाडीतून, तेवढीच माणसं घेऊन, न थांबता तो घाट चढायचा होता.

मला हायसं वाटलं आणि थोडी शरमही वाटली. सागवानाचा चोर म्हणून ज्याच्याकडं बघत होतो, तो फक्त दुखावलेला पाव्हणा निघाला.

आता धंद्याची एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. जुन्या दणकट गाडीचा जोर वाढवायला येणारा प्रत्येक माणूस आधी इंजिनाकडं बोट दाखवतो. कारण इंजिनाचा आवाज येतो, चार लोक वळून बघतात. पण वीस वर्षं उभी-चालती राहिलेली गाडी जोरात पळवायची तर पहिलं काम ब्रेकचं, दुसरं टायरचं, तिसरं इंजिन थंड ठेवण्याचं. त्यानंतर प्लग, पॉइंट, टायमिंग नीट लावायचं. एवढं केलं की बहुतेक वेळा हरवलेला जोर आपोआप परत येतो, कारण तो कमी नसतोच, गंजाखाली दबलेला असतो. कार्बोरेटर आणि सायलेन्सर सगळ्यांत शेवटी. एका कंत्राटदारानं माझं न ऐकता जीपमध्ये दुसरीकडून मोठं इंजिन टाकून घेतलं होतं. ब्रेक मात्र जुनेच. ती जीप तुरीच्या शेतातून काढायला मलाच जावं लागलं. माणूस वाचला, पण तूर गेली.

मी बापूरावांना म्हटलं, "आधी ब्रेक."

"मले थांबायचं नाई, मिस्त्री. मले चढायचं हाय. थांबलो म्हनून तं नाव पडलं."

"घाट चढायच्या आधी तो उतरावा लागतो," मी म्हणालो.

ते चिडले. मी नको ती कामं काढून वाढवतोय, असा त्यांचा समज झाला. तेव्हा खाटेवरून काकाजी बोलले, "बापू, बैलाले आदी वेसन, मंग ढेप. मिस्त्री बराबर बोलून राह्यला." ढेप म्हणजे आमच्याकडं पेंड. बापूराव कबूल झाले, पण जाताना चुलत्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती मला आवडली नाही. राखणदार चोराच्या बाजूनं बोलला, अशी ती नजर होती.

दीड महिना मी त्या गाडीत बुडालो होतो. ब्रेकचे पट्टे, रबरं, नळ्या सगळं नवं केलं. या गाडीच्या ब्रेकला इंजिनाची मदत असते. इंजिन चालू असेतो पायाच्या अंगठ्यानं गाडी थांबते, आणि बंद पडलं की दोन्ही पायांनी रेटावं लागतं. म्हणून मी हॅन्डब्रेकही नवा करून घेतला. रेडिएटरची जाळी नांदेडहून एक ओळ वाढवून आणली. हैदराबादच्या जुन्या बाजारात तीन दिवस फिरून कार्बोरेटरचं सामान मिळवलं आणि मूळचंच कार्बोरेटर बसवलं. सायलेन्सर मात्र दोन लावले. गिऱ्हाइकाला काहीतरी ऐकू यायला पाहिजे. पहिल्यांदा इंजिन चालू केलं तेव्हा काकाजींनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अंदर वाजून राह्यलं जी." मला त्या दिवशी जो अभिमान वाटला, तसा नंतर फार थोड्या वेळा वाटला.

मग पेट्रोलची भानगड उपटली. आठ सिलिंडरचं इंजिन, दिवसातून दहा वेळा चालू करून बघायचं, पेट्रोल कमी होणारच. बापूरावांनी एके दिवशी टाकीत काठी घालून बघितली आणि म्हणाले, "दोन दिवसांमांगं येवढं होतं, आता येवढंच काऊन?" त्यांनी माझं नाव घेतलं नाही. न घेतल्यामुळं ते जास्त लागलं. माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हटलं, "आजपासून टाकीला सील. लाख माझी, मोहर तुमची. उघडायची तेव्हा तुमच्यासमोर उघडू."

या गाडीच्या टाकीचं तोंड मागच्या उचलत्या नंबरप्लेटच्या आड होतं. झाकणाभोवती सुतळी आवळली, लाख लांब चुलीवर वितळवली, पळीत आणली आणि झाकणावर जाड ओतली. बापूरावांकडं भाजीच्या पोत्यांवर मारायचा पितळी छाप होता, तो त्यांनी वर दाबला. दोघंही समाधानानं मागं सरलो. मी चोर नाही हे सिद्ध झालं होतं, आणि ते फसणार नाहीत हेही.

काकाजी वाकून बघत होते. बापूराव गेल्यावर ते मला म्हणाले, "मिस्त्रीजी, त्या झाकनाले मंधात बारीक छेद होता. थो बुजला."

"असू द्या."

"राकेलच्या डब्ब्याले दोन छेद पाडा लागते जी. एक पाडला तं तेल निंगत नाई. हवा अंदर गेली पायजे."

मी हातातला पाना आपटला. चोरीचा आळ डोक्यात होता, ऐकायला मन नव्हतं. मी म्हणालो, "काकाजी, मोटार म्हणजे राकेलचा डबा नव्हे. तुमचं काम राखणीचं, तेवढं करा."

ते मागं फिरले. खाटेवर जाऊन बसले.

वाचणाऱ्याला वाटेल, मुरलेल्या मिस्त्रीला एवढं कळत नव्हतं? कळत होतं. टाकीच्या झाकणाला हवेसाठी छिद्र असतं, हे मी शिकाऊ होतो तेव्हाच शिकलो. पण त्या वेळी मी पेट्रोलचा विचार करत नव्हतो, चोराचा करत होतो. आणि एकदा लाख पडली की तिच्याखाली काय आहे, हे मी विसरूनच गेलो.

पहिल्या चाचणीला बापूराव शेजारी बसले. गाडी वाऱ्यासारखी निघाली. गुडीहत्नूर गेलं, बापूराव गालातल्या गालात हसत होते. इच्छोड्याच्या पुढं इंजिन खोकललं, दोन झटके दिले आणि बंद पडलं. अर्धा तास उभी राहिली आणि पुन्हा चालू झाली, जसं काही झालंच नाही. परत आलो. मी बापूरावांसमोर सील तोडलं, टाकी बघितली, पेट्रोल पंप खोलला, नळ्या फुंकल्या. दुसऱ्या दिवशी सील न करताच गाडी दूर फिरवून आणली, काही झालं नाही. वाटलं, दुरुस्त झाली. पुन्हा सील केलं, पुन्हा चाचणी, आणि पुन्हा तिथंच बंद. असं तीनदा झालं. मी कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला. पंपवाल्याच्या पेट्रोलवर संशय घेतला. एकाच ठिकाणी गाडी मरते म्हणून कोणी करणी केली की काय, इथपर्यंत मन गेलं. सगळ्यांवर संशय घेतला, फक्त स्वतःच्या हातावर घेतला नाही.

तिसऱ्या वेळी सील तोडून झालं, तसे बापूराव माझ्याकडं न बघता थेट खाटेकडं गेले.

"काकाजी, मी तुमाले राखन कराले बसवलं होतं का चहा प्याले?"

काकाजी उठून उभे राहिले. "काय झालं बापू?"

"यानं जुनं सामान टाकलं अंदर, आन तुमी पाहत बसले. किती कप पेले? त्याच्या बाजूनं बोलत होते तवाच मले समजलं होतं. माह्या घरची भाकर खाता आन चोराची राखन करता."

काकाजींनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलावं, एवढीच त्या नजरेत अपेक्षा होती. मी म्हणू शकलो असतो, की बापूराव, या माणसासमोर मी एक जुना वायसरसुद्धा बसवू शकलो नाही. ते मी म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. बापूरावांना मला हाकलता येत नव्हतं, कारण आठ सिलिंडरला हात लावणारा दुसरा मिस्त्री जिल्ह्यात नव्हता. काकाजींना हाकलता येत होतं.

म्हाताऱ्यानं घोंगडी झटकली, घडी घातली, काठी घेतली. मला म्हणाले, "येतो जी." दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांनी त्या रात्री घरात भाकर घेतली नाही, आणि सकाळच्या बसनं लेकीकडं वांकिडीला निघून गेले. ज्या शेताची पन्नास वर्षं राखण केली, तिथं राखणीतच खोट निघाली म्हणून.

लग्नाचा दिवस आला. मधल्या आठवड्यात मी टाकीला सील न करता गाडी रोज पळवली होती आणि ती एकदाही बंद पडली नव्हती. आदल्या संध्याकाळी समोरच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली, आणि बापूरावांनी छाप आणला. रिवाजच झाला होता. मी लाख ओतली.

गाडी मीच चालवावी, असं बापूरावांनी सांगितलं. काही बिघडलं तर मिस्त्री सोबत असलेला बरा, आणि मिस्त्री सोबत असला म्हणजे तोच जबाबदार. पुढं मी, बापूराव आणि त्यांची आई. मागं चटईवर बायका-पोरं मिळून सात. वऱ्हाड म्हणून मी बेतानं चालवत होतो. इच्छोडा गेला, बापूरावांनी श्वास सोडला. नेरडीगोंडा मागं पडलं. घाटाच्या तोंडाशी इंजिन खोकललं, पुन्हा धरलं, आणि उताराला लागताच बंद पडलं.

मागं बायकांचं गाणं चालू होतं. त्यांना कळलंसुद्धा नाही. पुढं वळण, वळणाच्या पलीकडं खालून कण्हत येणारा ट्रक. मी दोन्ही पाय ब्रेकवर टाकले आणि सगळं अंग त्यावर घातलं, एका हातानं हॅन्डब्रेक ओढला. गाडी सरकली, कण्हली आणि कडेच्या कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. ट्रक हॉर्न देत गेला. मागची गाणी थांबली. बापूरावांचा चेहरा पांढरा पडला होता. ते हळूच म्हणाले, "आदी ब्रेक." एवढंच बोलले आणि चाकांना दगड लावायला उतरले.

मी गाडीखाली शिरलो. नळ्या चाचपता चाचपता हात टाकीच्या तळाला लागला, आणि मी तिथंच पडून राहिलो. टाकीचं पोट आत गेलं होतं, चिपाडासारखं. पेट्रोल बाहेर ओढलं जात होतं, हवा आत जायला जागा नव्हती, म्हणून पत्राच आत खेचला गेला होता. राकेलचा डबा.

मागं येऊन मी लाख फोडली. झाकण सैल होताच सूंऽ करून हवा आत गेली, बराच वेळ जात राहिली. बापूराव पुढं दगड लावत होते. त्यांच्या आईनं मात्र खिडकीतून मान काढली. "काय व्हय मिस्त्री?"

"कचरा होता आई, पेट्रोलमध्ये."

"कचरा सूं करते काय?" म्हातारी म्हणाली. मी मागच्या बायकांकडं वळलो. सुई मागून घेतली आणि छिद्र मोकळं केलं.

त्या दिवशी परतताना ती गाडी तो घाट अशी चढली की पोचवायला मागून आलेल्या साडूंच्या जीपला तिचा धूरसुद्धा दिसला नाही. माथ्यावर बापूरावांनी गाडी थांबवायला लावली, उतरून पटका नीट केला आणि साडू येईपर्यंत उभे राहिले. साडू आले, हसले, गळ्यात पडले. त्यांच्या जीपमधली दोरी बापूरावांनी मागून घेतली आणि दरीत फेकून दिली. सगळे हसले. गाडीत बसताना बापूराव म्हणाले, "काकाजीनं पायलं पायजे होतं हे." मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो होतो. सांगायची तीच वेळ होती. पण आदिलाबादच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर 'मिस्त्रीनंच झाकण बुजवलं' हे ऐकावं लागलं असतं. मी गाडी चालू केली.

यानंतर दोन वर्षं गेली. एके दिवशी घरी बायको तेलाच्या नव्या डब्याला खिळ्यानं भोक पाडत होती. एक पाडलं, डबा कलता केला, तेल गुडगुड करत अडखळलं. तिनं दुसरं पाडलं, आणि धार सरळ लागली. मला काकाजींचा राकेलचा डबा आठवला. दुसऱ्या सकाळी मी वांकिडीची बस धरली.

काकाजी लेकीच्या अंगणात अंबाडीची दोरी वळत बसले होते. फार वाळले होते. मी बसलो, पाणी प्यायलो आणि सगळं सांगितलं. ते दोरी वळतच राहिले.

"मले ठाव होतं," ते म्हणाले. "तुमी तिसऱ्या डाव लाख फोडली तवा सूं झालं. तुमी बोलून राह्यलते, तुमाले आयकू नाई आलं. मले आलं."

"मग तेव्हा बोललात का नाही?"

"एक डाव बोललो होतो जी. तुमी म्हनले, राखन करा." त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच मला सोसवेना. मग म्हणाले, "मले सांगून काय फायदा? मी तं पायलंच होतं. ज्यानं नाई पायलं, त्याले सांगा."

तिथून मी तामसीला गेलो. बापूराव वांग्याच्या वाफ्यात उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे बारीक केले.

"काकाजीनं पाठवलं तुमाले? काय द्याचं कबूल केलं त्याईनं?"

मी खरं बोलत होतो, आणि माझ्याजवळ त्याला पुरावा नव्हता. ज्या पाण्यात मी आयुष्यभर पोहलो, तेच आता नाकात जात होतं. मी त्यांचा हात धरला, गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या त्या गाडीजवळ नेलं, खाली बसवलं आणि त्यांचा हात टाकीच्या तळाला लावला. टाकीचं पोट अजून आतच होतं. त्यांनी बराच वेळ हात तिथून काढला नाही.

"म्हंजे लाख तुमची होती," ते म्हणाले.

"आणि मोहर तुमची," मी म्हणालो.

पोळा आठ दिवसांवर होता. आम्ही दोघं त्या गाडीतून वांकिडीला गेलो. बापूराव चुलत्याच्या पायाशी वाकले. काकाजी पोळ्यापुरते यायला तयार झाले. कायमचे आले नाहीत, ते शेवटपर्यंत लेकीकडंच राहिले. हे मी माझ्या खात्यावर धरतो. टपरीवर बाकी मला जे ऐकायचं नव्हतं ते ऐकावं लागलंच. "मिस्त्री, लाख लावू काय?" असं लोक वर्षभर विचारत होते. मी हसून घ्यायचो.

त्या दिवशी वांकिडीत मी गाडीचं दार उघडून धरलं, पण काकाजी बसले नाहीत. काठी टेकत मागं गेले, नंबरप्लेट वर केली, झाकण फिरवून काढलं, उजेडाकडं धरून एक डोळा मिटून त्या छिद्रातून पलीकडं पाहिलं. मग झाकण जागच्या जागी बसवलं आणि गाडीत येऊन बसले.